मिठागरे, पडीक (मिरा-भाईंदर)

ठाणे जिल्ह्यात वसई खाडीच्या दक्षिणेला, भाईंदर पश्चिमेकडून उत्तनकडे जाताना राई, मुर्धे आणि मोर्वे गावांच्या आसपास लागणारी खाजणातील जुनी मीठशेती. यांतील काही आगरे अलीकडेपर्यंत पिकत होती, बरीचशी आता पडीक आहेत. ओसाड पडलेल्या खाणगावांच्या यादीत त्यांना बसवण्याचा मोह होतो, कारण दोन्हीकडे निसर्गातून एकच माल काढला जात होता आणि तो थांबला. पण तुलना इथेच संपते. चिलीच्या वाळवंटात सोऱ्यासाठी उभारलेले हंबरस्टोन हे गाव 1960 च्या सुमारास बंद पडले, माणसे निघून गेली आणि कोरड्या हवेमुळे त्याच्या भिंती टिकल्या. 2005 मध्ये त्याला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. भाईंदरला यांतले काहीच घडले नाही. मराठीत मीठ 'पिकते', आणि 'आगर' हा शब्द मिठालाही लागतो, नारळी-पोफळीलाही. मिठागर ही शेती आहे, आणि शेतीसाठी वेगळे गाव वसवावे लागत नाही. राबणारे बहुतांश आगरी, राहणारे जवळच्याच गावांत. आगर पडीक झाले तरी गाव हलले नाही, म्हणून इथला शोध घरांच्या पडक्या भिंतींचा नसून बांधांचा आहे.

बांध वाचायचा तर त्याचे काम समजून घ्यावे लागते. पावसाळ्यानंतर बांध दुरुस्त करायचा, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला उघाडीतून खाडीचे पाणी आत घ्यायचे आणि एका कुंडीतून दुसरीत उतरवत उन्हात तापवायचे. समुद्राच्या पाण्यात क्षार सुमारे साडेतीन टक्के असतात. पाणी आटत जाते तसे आधी जिप्सम खाली बसते, आणि सुमारे 25 अंश बोमे घनतेला मीठ धरू लागते. शेवटच्या कुंडीचा तळ पायांनी तुडवून घट्ट केलेला असतो, नाहीतर चिखल मिठात उतरतो. पडीक आगरात हा तळच सर्वांत आधी बोलतो. एप्रिलमध्ये त्याच्या खपल्या सुटतात आणि प्रत्येक खपलीच्या कडेला मिठाची बारीक पांढरी रेघ राहते. उघाडीच्या दगडी खाचांत फळी बसवायची जागा दिसते, फळी मात्र कुजून गेलेली असते. बांध शाबूत असलेल्या कुंड्यांत पावसाचे पाणी साठून शेकाट्या उतरतात, तर बांध फुटलेल्या ठिकाणी भरतीबरोबर तिवर शिरते. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना ही दोन्ही दृश्ये असू शकतात, आणि फरक केवळ दुरुस्तीचा असतो.

लिखित पुरावा मिठापेक्षा करावरच जास्त आहे. 1890 च्या मुंबई मीठ कायद्याने उत्पादन, साठवण आणि वाहतूक सरकारी देखरेखीखाली आली. कर भरल्याशिवाय मीठ आगराबाहेर जाऊ शकत नव्हते, त्यामुळे दफ्तरात मणांचे आकडे भरपूर आणि टोपलीने मीठ वाहणाऱ्या बायकांचा उल्लेख विरळ. 1930 मध्ये वडाळ्याच्या मीठ डेपोवर सत्याग्रहींनी चाल केली ती याच व्यवस्थेविरुद्ध होती. कर 1947 मध्ये उठला. राज्यघटनेने मात्र केंद्रीय यंत्रणांमार्फत होणारे मिठाचे उत्पादन आणि पुरवठा संघसूचीत ठेवला, आणि मिठागरांच्या जमिनीवर केंद्र, राज्य व खासगी धारक यांचे दावे एकमेकांत अडकले. भाईंदर परिसरातील जुन्या पट्ट्यांच्या आजच्या अर्थाबद्दल मतभेद आहेत.

पोर्तुगीज व मराठा काळातील मीठव्यवसाय : पहा 'वसई', 'साष्टी'.

व्यवसाय का मोडला, याचे उत्तर जमिनीच्या भावात शोधण्याची सवय आहे. भाव वाढले हे खरे, पण ते एकट्याने पुरत नाही. कच्छ-सौराष्ट्रात पाऊस कमी, हंगाम लांब आणि आगरे विस्तीर्ण. देशातील तीन-चतुर्थांशाहून अधिक मीठ गुजरातेत पिकते. कोकणात चार महिने सारे धुऊन जाते आणि दरवर्षी बांध नव्याने भरावा लागतो. 2006 पासून खाण्यासाठी आयोडीनरहित मीठ विकण्यावर देशभर बंदी आली, तेव्हा सुट्या मिठाचा बाजार आणखी आकसला.

या आगरांना वारसा मानण्यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की उभी वास्तू नसेल तर वारसा कसला? खरे तर बांध, उघाडी आणि तुडवलेला तळ हेच इथले बांधकाम आहे. ते मातीचे आहे एवढ्यावरून त्याचे महत्त्व कमी होत नाही. दुसरा आक्षेप जमीन रिकामी असल्याचा. पण तिवर शिरले तिथे 2005 च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाचे संरक्षण लागू होते, आणि बांध धरून आहे तिथे ती कुंडी पावसाचे पाणी पोटात घेते. भराव टाकला की ते पाणी दुसरी वाट शोधते, आणि सखल भागातली जुनी गावे जवळच आहेत. 'पडीक' या शब्दाचा अर्थ महसुली नोंदीत उत्पन्न नाही एवढाच होतो.

पाहण्यास योग्य काळ फेब्रुवारी ते मे, ओहोटीच्या वेळी आणि धारकाच्या परवानगीने. फुटक्या बांधावरून चालू नये, आतला चिखल गुडघ्यापर्यंत खोल असतो. मिरा रोड ते भाईंदर दरम्यान लोकलच्या पश्चिमेकडील खिडकीतूनही कुंड्यांची चौकट दिसते.