पाण्याखालच्या स्कूटरचं कुळ

स्कूटर डाइव्हला येणारं गिऱ्हाईक साठीच्या पुढचं असलं की पहिल्या पाच मिनिटांत 'थंडरबॉल'चं नाव निघतंच. बॉन्ड, बहामाचं निळं पाणी, दोन्ही बाजूंनी भाल्याच्या बंदुका घेऊन सुसाट निघालेले डायव्हर. मी मान डोलावतो. गिऱ्हाईकाचा रसभंग कशाला करायचा? पण या यंत्राचं कुळ बॉन्डपाशी सुरू होत नाही, आणि आम्ही आज जे करतो त्याचा बॉन्डशी फारसा संबंधही नाही.

मी मालवणजवळच्या देवबागचा. तारकर्लीला पर्यटकांचा हात धरून त्यांना पाण्याखाली मासे दाखवण्यापासून सुरुवात केली आणि फिरत फिरत माल्टाला आलो. भूमध्य समुद्रातला हा टीचभर देश. इथं अनुभवी डायव्हरना स्कूटरसह बुडालेल्या जहाजांवर न्यायचं, हे माझं काम.

ज्यांनी ही स्कूटर पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हिला चाकं नाहीत की बसायला सीट नाही. एक जाड नळकांडं, पोटात बॅटरी आणि मोटर, शेपटाला जाळीच्या कड्यात बसवलेला पंखा. हँडलला खटका. तो दाबला की पंखा फिरतो आणि ती तुम्हाला ओढत नेते. बाहेर उचलायला वीसेक किलो, पण पाण्यात ना बुडते ना तरंगते, सोडली तर जागच्या जागी राहते. नवख्याला वाटतं, हातांनी घट्ट धरायचं. तसं केलं तर पंधरा मिनिटांत खांदे भरून येतात. खरी ओढ दोरीवर असते. स्कूटरपासून एक दोरी निघते आणि पायांमधून जाणाऱ्या पट्ट्याच्या कडीत अडकते. कंबर ओढली जाते, अंग मागे सरळ आडवं राहतं, हात फक्त दिशा देतात. दोरीची लांबी चार बोटं चुकली तरी सगळी डाइव्ह मान वाकडी करून काढावी लागते.

या यंत्राचा जन्म लढाईत झाला. पहिल्या महायुद्धाच्या अगदी शेवटी, 1 नोव्हेंबर 1918 ला, राफाएले रोसेत्ती आणि राफाएले पाओलुची हे दोन इटालियन नौदल अधिकारी एका सुधारलेल्या टॉर्पेडोला धरून ऑस्ट्रिया-हंगेरीच्या पोला बंदरात शिरले. श्वासाचं उपकरण नव्हतंच. डोकी पाण्याबाहेर ठेवून रात्रभर अडथळे आणि जाळ्या ओलांडत गेले. दोघंही पकडले गेले, पण 'विरिबुस उनितिस' या युद्धनौकेला लावलेला त्यांचा सुरुंग फुटला आणि ती बुडाली. गंमत म्हणा की शोकांतिका, आदल्याच दिवशी ती नौका ऑस्ट्रियाने दक्षिण स्लाव्हांच्या नव्या सरकारला देऊन टाकली होती. या दोघांना त्याचा पत्ताही नव्हता.

पुढे 1930 च्या दशकात तेसेओ तेसेई आणि एलिओस तोस्की या नौदलातल्या दोन इंजिनिअरांनी ही कल्पना पाण्याखाली नेली. त्यांचं वाहन साधारण सात मीटर लांब, विजेवर चालणारं. दोघांनी घोड्यावर बसावं तसं त्याच्यावर पाय टाकून बसायचं. वेग तीन नॉटच्या आतबाहेर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाएवढा. पुढचं टोक स्फोटकांनी भरलेलं. ते सोडवून शत्रूच्या जहाजाच्या तळाला टांगायचं आणि उरलेल्या धडावर बसून पळायचं. बुडबुडे दिसू नयेत म्हणून श्वासाला शुद्ध ऑक्सिजन, तोच गाळून पुन्हा पुन्हा घ्यायचा. शुद्ध ऑक्सिजन थोडं खोल गेलं की विषासारखा बाधतो, झटके येतात. त्यामुळे स्वाराला वर दिसायची भीती आणि खाली मरायची. वाहन इतकं हट्टी की स्वारांनी त्याचं नाव ठेवलं 'मायाले', म्हणजे डुक्कर.

हाच तेसेई इथं माल्टात मेला. व्हॅलेटाच्या टोकाला सेंट एल्मोचा किल्ला आहे. त्याच्या एका अंगाला 'माओरी' नावाच्या ब्रिटिश विनाशिकेचे अवशेष जेमतेम चौदा मीटरवर पडलेत. नव्या गिऱ्हाईकाचा हात बघायला मी आधी तिथं नेतो. दुसऱ्या अंगाला ग्रँड हार्बरचं तोंड आणि तिथं लाटा अडवणाऱ्या धक्क्याकडे जाणारा पूल. 26 जुलै 1941 च्या पहाटे इटालियनांनी स्फोटकांनी भरलेल्या वेगवान होड्या आणि दोन 'डुकरं' घेऊन या बंदरावर हल्ला केला. तेसेई आणि त्याचा जोडीदार अल्चीदे पेद्रेत्ती पुलाखालची जाळी उडवायला निघाले होते. परत आले नाहीत. एक होडी पुलाच्या खांबावर आदळली, कमान कोसळली आणि जी वाट उघडायची होती तीच बुजली. किनाऱ्यावरच्या तोफांनी उरलेल्यांना टिपलं. त्यानंतर सत्तर वर्षं तिथं पूल नव्हता. आज दिसतो तो 2012 चा पोलादी. इटलीच्या नौदलातल्या पाणबुड्या कमांडोंच्या दलाला आज तेसेईचंच नाव आहे.

पाचच महिन्यांनी अलेक्झांड्रियात काय झालं, ते मी प्रत्येक गटाला सांगतो. 18 डिसेंबर 1941 च्या रात्री 'शिरे' या पाणबुडीतून तीन डुकरं आणि सहा माणसं सुटली. लुइजी दुरांद दे ला पेन्ने आणि एमिलिओ बियांकी यांच्या वाट्याला 'व्हॅलियंट' ही ब्रिटिश युद्धनौका होती. जहाज हाकेच्या अंतरावर आलं आणि वाहन तळाला बसलं. पंख्यात पोलादी तार गुंडाळली होती. बियांकी बाजूला पडून वर गेला. दे ला पेन्नेने काय करावं? ते धूड त्याने एकट्याने, हातांनी, चिखलातून तसूतसू ओढत जहाजाच्या पोटाखाली नेलं. गढूळ पाणी, काही दिसत नाही, मुखवट्यात पाणी शिरतंय. पाऊण तासाच्या आसपास हे चाललं. मग वर आल्यावर पकडला गेला. दोघांनाही नेमकं त्याच जहाजाच्या तळघरात कोंडलं. स्फोटाच्या थोडं आधी त्याने कप्तान चार्ल्स मॉर्गनला निरोप दिला, माणसं वाचवा. सुरुंग कुठे आहे ते मात्र सांगितलं नाही. पहाटे 'व्हॅलियंट' आणि 'क्वीन एलिझाबेथ' दोन्ही तळाला टेकल्या. ते दोघं वाचले. 1945 मध्ये इटलीने दे ला पेन्नेला सुवर्णपदक दिलं, तेव्हा ते त्याच्या छातीवर याच मॉर्गनने लावलं.

ऐकणाऱ्याला ही गोष्ट शौर्याची वाटते, आणि ती आहेच. मला तिच्यात दिसते ती पंख्यात अडकलेली तार. यंत्र बंद पडलं आणि उरलेलं अंतर माणसाच्या अंगावर आलं.

ब्रिटिशांनी नक्कल करून 'चॅरिएट' बनवले. माल्टाहून निघालेल्या पाणबुड्यांनी ते पालेर्मोपर्यंत नेले आणि जानेवारी 1943 मध्ये तिथं 'उल्पिओ त्राइआनो' ही नवी क्रूझर बुडवली. त्याच मोहिमेत पी 311 ही पाणबुडी चॅरिएटसकट सार्डिनियाजवळ नाहीशी झाली. ऑक्टोबर 1944 मध्ये दोन चॅरिएट फुकेतच्या बंदरात शिरले होते. फुकेतला डाइव्हिंगला जाणाऱ्या आपल्या पुण्या-मुंबईच्या मंडळींना हे कुणी सांगत नसावं.

युद्ध संपलं आणि यंत्र हौशी लोकांच्या हाती आलं. दिमित्री रेबिकॉफ हा पॅरिसमध्ये जन्मलेला रशियन वंशाचा खटपट्या माणूस. पाण्याखालच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशवर त्याने काम केलं होतं. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने 'पेगासस' नावाचं असं वाहन बनवलं, आणि विमानातून जमिनीचे ओळीने फोटो घेतात तसे समुद्रतळाचे घ्यायला ते वापरलं. फ्रेंच समुद्रशोधक कूस्तोच्या 'द सायलेंट वर्ल्ड' या चित्रपटातही डायव्हर स्कूटर घेऊन भटकताना दिसतात. 1956 ला कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि जगाला पाण्याखालचं उडणं दिसलं. मग 1965 ला 'थंडरबॉल'. एवढी वर्षं लोकांच्या डोळ्यांत भरलं ते धावणं. परतीचं गणित पडद्यावर कोण दाखवणार?

'थंडरबॉल'मधली पाण्याखालची दृश्यं रिको ब्राउनिंगने दिग्दर्शित केली. हाच ब्राउनिंग 1954 च्या 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून'मध्ये पाण्याखालचा राक्षस झाला होता आणि त्याची ती पोहण्याची दृश्यं फ्लोरिडातल्या वकुला स्प्रिंग्ज या झऱ्यात टिपली होती. स्कूटर शहाणी झाली ती त्याच झऱ्यामागच्या गुहांत. चुनखडीच्या खडकात मैलोन् मैल पाण्याने भरलेले बोगदे, खोली नव्वद मीटरच्या घरात. वर छप्पर, म्हणजे अडचण आली तर वर येणं नाही. पायांनी पोहून तिथं फार आत जाता येत नाही. 1980 च्या दशकापासून या गुहांत उतरणाऱ्या डायव्हरनी बाजारातल्या स्कूटर उघडल्या, मोटर ठेवली, बाकीचं स्वतः बांधलं. बिल गॅव्हिनच्या नावाची 'गॅव्हिन' ही त्यातली नावाजलेली. शिशाच्या बॅटरीमुळे ती उचलताना कंबर मोडायची, पण वर्षानुवर्षं चालली.

यंत्रापेक्षा मोठं काम त्यांनी हिशोबाचं केलं. गुहेतला जुना नियम असा: एक तृतीयांश हवा जायला, एक तृतीयांश यायला, उरलेली अडीअडचणीला. स्कूटर आली आणि हा नियम अपुरा पडला, कारण जाणं स्कूटरचं असलं तरी येणं पायांचं असू शकतं. म्हणून वाटेत टाक्या ठेवणं, जादा स्कूटर मागे ओढत नेणं, जोडीदाराची बंद पडली तर त्याला ओढून आणायचा सराव. 15 डिसेंबर 2007 ला त्यांच्यातले जॅरॉड जब्लॉन्स्की आणि केसी मॅकिन्ले टर्नर सिंक या पाण्याने भरलेल्या विवरात उतरले आणि जवळजवळ 11 किलोमीटर जमिनीखालून जाऊन वकुला स्प्रिंग्जला निघाले. माझ्या मते आजच्या स्कूटर डाइव्हचे खरे पूर्वज हे लोक.

हिशोब करूनच दाखवतो, कारण त्याशिवाय पटत नाही. बारा लिटरची टाकी, दोनशे बार भरलेली: 2400 लिटर हवा. तीस मीटरवर दाब चौपट. वर मिनिटाला वीस लिटर घेणारा माणूस तिथं ऐंशी घेतो. स्कूटर मिनिटाला पन्नास मीटर नेते. दहा मिनिटांत पाचशे मीटर, खर्च 800 लिटर, शिल्लक 1600. माणूस खूश, टाकी दोन तृतीयांश भरलेली. आता बॅटरी बसली. पोहायला लागला की दमतो, मिनिटाला शंभर लिटर जातात, आणि अंगावरच्या सामानासकट वेग पंधरा ते वीस मीटर. सोळा मिनिटांत टाकी रिकामी आणि किनारा अजून दोन-अडीचशे मीटर लांब. समुद्रात वर यायची सोय आहे म्हणा, पण वर बोटींची वर्दळ असते, प्रवाह असतो, आणि घाबरलेला माणूस सावकाश वर येत नाही.

वडिलांना फोनवर कामाचं सांगितलं तेव्हा त्यांनी वेगाचं विचारलंच नाही. "आणि मधीच बंद पडली तर काय करतलंस?" एवढंच. आमच्या होडीला इंजिन लागून कितीतरी वर्षं झाली, वल्ही अजून आत असतात.

म्हणून इथल्या 'उम अल फरूद'ला नेताना माझे नियम जाचक वाटतात. हे लिबियाचं 110 मीटर लांबीचं तेलवाहू जहाज. फेब्रुवारी 1995 मध्ये गोदीत दुरुस्तीच्या वेळी स्फोट झाला आणि गोदीतले नऊ कामगार गेले. 1998 मध्ये ते वीद इझ-झुरिएच्या किनाऱ्यापासून जवळच, पस्तीसेक मीटरवर मुद्दाम बुडवलं. स्कूटरने किनाऱ्यापासून काही मिनिटांत पोचता येतं, सगळ्या जहाजाला वळसा घालता येतो. जहाजाच्या आत मात्र स्कूटर नाही, ती बाहेर खुंटीला. पंख्याच्या एका झोताने गंजाचा आणि गाळाचा असा धुरळा उठतो की बाहेरची वाट दिसेनाशी होते. वर-खाली जाताना खटका सोडायचा, कारण सहा सेकंदांत पाच मीटर वर गेलेलं कानांना आणि फुप्फुसांना आधी कळतं, डोळ्यांना नंतर. आणि उतरल्या उतरल्या, उथळ पाण्यात, प्रत्येकाने जोडीदाराला एकदा ओढून दाखवायचं. कुरकुर होते. होऊ दे.

आता लिथियमच्या बॅटरी आल्या, यंत्रं हलकी झाली, इटली, जर्मनी, पोलंडमध्ये उत्तम बनतात. त्यामुळे अनुभव नसलेल्यांच्या हाती लवकर जातात. कागदोपत्री पाहिलं तर प्राथमिक प्रमाणपत्र असलं की स्कूटरचा कोर्स करता येतो. माझ्या मते हे चूक आहे. ज्याला स्कूटरशिवाय एका जागी निवांत तरंगता येत नाही, त्याच्या हाती स्कूटर देऊ नये. आमच्या मालवणच्या पाण्यात तर हात लांब केला की बोटं दिसत नाहीत असे दिवस असतात. तिथं ही यंत्रं पर्यटकांना भाड्याने द्यायचं कुणाच्या डोक्यात असेल तर त्याने आधी दहादा विचार करावा.

तुमच्यापैकी कुणी अनुभवी डायव्हर असाल आणि अशी डाइव्ह ठरवलीत, तर गाइडला एक प्रश्न विचारा: परतीची हवा कुठल्या वेगाने धरली आहे, पोहण्याच्या की स्कूटरच्या? स्कूटरच्या असं उत्तर आलं तर पैसे परत मागा.