गुडघ्याच्या वर



ऋग्वेदात विश्पलेची कथा आहे. लढाईत तिचा पाय तुटला, तेव्हा अश्विनीकुमारांनी तिला लोखंडाचा पाय बसवला. परंपरेने लावलेला अर्थ असा की, हा पाय तिला घरात बसून राहण्यासाठी दिलेला नव्हता. तिने पुन्हा लढतीत उतरावे यासाठी तो होता. मी शाळा अर्धी सोडलेला, कामगारांच्या संघटनेत आयुष्य गेलेला माणूस. पण या कथेत मला एक माप सापडते. मांडीतून पाय कापलेल्या माणसाविषयी तीन प्रश्न विचारावे लागतात : तो जगेल का, चालेल का आणि कमावेल का? त्या शस्त्रक्रियेचा इतिहास म्हणजे या तीन प्रश्नांचा इतिहास होय.

पहिला प्रश्न शेकडो वर्षे सुटला नाही. मांडीत मोठी धमनी आहे, स्नायू जाड आहेत. म्हणून कापण्याची जागा जितकी वर, तितका मृत्यू जवळ. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्रवाझ पारे याने तापल्या लोखंडाने डागणे सोडून रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधल्या. तरी वेदना राहिलीच. २१ डिसेंबर १८४६ रोजी लंडनमध्ये रॉबर्ट लिस्टनने ईथरची भूल देऊन एका बटलरचा पाय मांडीतून कापला. हा रोगी घरकाम करून पोट भरणारा नोकर होता, हे ध्यानात ठेवावे. पुढे लिस्टरने जखमेत पू होऊ नये म्हणून कार्बोलिक आम्ल वापरले. त्याच्या ग्लासगोच्या दवाखान्यात हातपाय कापलेल्या ३५ रोग्यांपैकी पूर्वी १६ दगावत. नव्या रीतीने १८६७ ते १८६९ मध्ये ४० पैकी ६ दगावले. जगण्याचा मार्ग असा मोकळा झाला.

आता दुसरा प्रश्न. गुडघा राहिला तर माणूस पायरी चढतो, उकिडवा बसण्याचा प्रयत्न करतो, ठेच लागली तर सावरतो. गुडघा गेला की हे सारे मांडीच्या उरलेल्या खुंटावर येते. डॉक्टर त्याला स्टंप म्हणतात. खुंट म्हणजे पहारीचा दांडा समजा. दांडा आखूड, तर जोर अधिक लागतो. गुडघ्याखाली पाय गेलेल्यापेक्षा अशा माणसाला तेवढेच अंतर चालण्यास कितीतरी जास्त दम लागतो. मधुमेहामुळे पाय गेलेल्या वृद्धाचे हृदय आधीच थकलेले असते. त्यामुळे पुष्कळजण कुबड्यांवर किंवा खाटेवरच राहतात. दुसऱ्या पायालाही धोका असतोच.

आणि येथे घरची माणसे माया करता करता नुकसान करतात. खुंटाखाली उशी ठेवतात. बरे वाटते खरे, पण खुबा वाकलेल्या स्थितीतच आखडतो आणि पुढे कृत्रिम पाय नीट बसत नाही. उशी काढावी, रोज थोडा वेळ पालथे झोपवावे, पट्टी नीट बांधावी. नसलेला पाय दुखतो असे रोगी म्हणाला, तर त्याला वेडा ठरवू नये. अमेरिकन यादवी युद्धातील जखमींवर उपचार करणाऱ्या वेअर मिचेलने या वेदनेची नोंद फार पूर्वी केली आहे.

आपल्या महाराष्ट्रात पुण्याला १९४४ साली, महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी, कृत्रिम अवयव केंद्र निघाले. १९६८ च्या सुमारास जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी अनवाणी चालता येईल, मांडी घालता येईल असे पाऊल बनवले. डॉक्टरच्या ज्ञानाला कारागिराच्या हाताची जोड मिळाली, हे मला त्यात मोठे वाटते. परंतु पाऊल म्हणजे गुडघा नव्हे. मांडीतून पाय गेलेल्याला सांधाही लागतो, तो वारंवार दुरुस्त करावा लागतो, आणि दुरुस्तीसाठी गाडीभाडे लागते.

तिसरा प्रश्न माझ्या धंद्याचा. आपल्या शेजारी पूर्णा जंक्शन आहे. डबे जोडता-तोडताना पाय चाकाखाली जाणे हा जगभरच्या रेल्वे कामगारांचा जुना शाप. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने गुडघ्यावर पाय गेल्यास कमाईची शक्ती ६० टक्के गेली असे ठरवले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हा कायदा आपल्याकडे १९५१ मध्ये आला. १९६२ च्या दुरुस्तीने टेप हाती घेतली : खुब्यातून गेला तर ९० टक्के, खुंट पाच इंचांपर्यंत असेल तर ८०, मांडीच्या मध्यापर्यंत ७०, त्याखाली ६०. आता त्या कायद्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे.

मंडळी, इंच मोजणे चूक नाही; वाद मोजून मिटतात. पण पोत्यांखाली वाकणाऱ्या हमालाचे ६० टक्के आणि टेबलावर बसणाऱ्या कारकुनाचे ६० टक्के एकच कसे? सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये गुडघ्यातून पाय गेलेल्या एका टँकरचालकाचे नुकसान १०० टक्के धरले, कारण तो पुन्हा टँकर चालवू शकत नव्हता. त्यापूर्वी हात गमावलेल्या एका सुताराबाबतही न्यायालयाने तेच म्हटले होते. मोजायचे ते हाड नव्हे, काम, हा त्याचा अर्थ.

आणि शेतमजूर? जुन्या कायद्याच्या यादीत तो आला तो ट्रॅक्टर, यंत्र, फवारणी अशा ठराविक कामांपुरता. बैलगाडीखाली पाय गेलेला सालगडी त्या यादीत बसत नव्हता. जगवण्याचे काम डॉक्टरांनी केले, चालवण्याचे काम कारागीर करीत आहेत. कमावते करण्याचे काम आपले आहे. अपघात झाला की पंचनामा, हजेरीचा कागद आणि दवाखान्याचे कागद त्याच आठवड्यात जमवा. अपंगत्वाचा दाखला काढा. भरपाईच्या अर्जात तो माणूस कोणते काम करीत होता हे पहिल्या ओळीत लिहा. आणि तो घरी आला की, त्याला बसून करता येईल असे काम कोण देणार, हे गावाने ठरवावे.