काडतुसांचे पुनर्भरण

काडतुसांचे पुनर्भरण : बार झाल्यावर उरलेल्या पितळी कवचात नवी टोपी, दारू व गोळी बसवून काडतूस पुन्हा वापरण्याजोगे करण्याची क्रिया. काडतुसाच्या चार घटकांपैकी कवच सामान्यतः सर्वांत महाग असून बारात तेच तेवढे शिल्लक राहते. पुनर्भरणाचे सर्व अर्थशास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे. ही प्रथा मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रुजली. ती परवडते की नाही, याचे उत्तर मात्र प्रत्येक काळात निराळे मिळाले.

कवच पुन्हा भरता येणे हे टोपीच्या रचनेवर अवलंबून असते. १८६६ च्या सुमारास दोन रचना पुढे आल्या. इंग्लंडमधील एडवर्ड बॉक्सर यांच्या रचनेत ऐरण टोपीतच असून कवचाच्या बुडाला मध्यभागी एकच छिद्र असते. त्यामुळे उडालेली टोपी आतून सळईने सहज ढकलून काढता येते. अमेरिकेतील हायरम बर्डन यांच्या रचनेत ऐरण कवचाचाच भाग असते व छिद्रे तिच्या बाजूंना असतात. अशी टोपी काढणे किचकट असते. पुढे अमेरिकेने इंग्रजाची रचना उचलली आणि युरोपीय सैन्यांत बहुतांशी अमेरिकनाची रचना चालली, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. अमेरिकेत पुनर्भरणाचा प्रसार झाला, त्यामागे हेही एक कारण होते.

१८७० नंतरच्या दशकात पश्चिमेकडील मैदानांत बायसनांची कत्तल करणारे व्यावसायिक शिकारी दारू, शिसे व टोप्या बरोबर बाळगीत आणि रात्री तळावर शेकोटीपाशी गोळ्या ओतून काडतुसे भरीत. त्यांच्या बाबतीत वेळेच्या मोलाचा प्रश्नच नव्हता. दुकान कित्येक दिवसांच्या वाटेवर असे आणि जड बंदुकीची तयार काडतुसे महाग पडत. सैन्याचे गणित वेगळे होते. नेमबाजीच्या सरावासाठी पुष्कळ काडतुसे लागत आणि तरतूद तुटपुंजी असे. सैन्याची जुनी तांब्याची काडतुसे आतून टोपी बसविलेली असल्याने एकदाच उपयोगी पडत. १८८२ च्या सुमारास फ्रँकफर्ड शस्त्रागाराने बाहेरून टोपी बसणारी, पुन्हा भरता येणारी कवचे स्वीकारली व ठाण्यांना भरणीची हत्यारे पुरविण्यात आली. नागरिकांसाठी जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये न्यू हेवन येथे स्थापन केलेली आयडियल कंपनी चिमट्यासारखे हातहत्यार विकू लागली. १९२५ मध्ये ती लायमन कंपनीकडे गेली.

धूमरहित दारू आल्यावर हे काम अधिक जोखमीचे झाले. काळी दारू कवच भरेल इतकी घालावी लागे; दुहेरी माप पडले, तर दारू बाहेर सांडून चूक लगेच उघडी पडे. नवी दारू थोडक्यात अधिक शक्ती देते. पिस्तुलाच्या कवचात तिची दोन मापे बेमालूम मावू शकतात आणि मग शस्त्र फुटून भरणाऱ्याचा हात जातो. दुसरी अडचण टोपीतील मर्क्युरी फल्मिनेटाची. त्यातून सुटणारा पारा पितळात शिरून कवच ठिसूळ करी. काळ्या दारूच्या भरपूर काजळीत तो बराचसा अडके. नव्या दारूत काजळी अल्प, त्यामुळे कवच पुनर्भरणास निकामी होऊ लागले. पारा वगळून पोटॅशियम क्लोरेट वापरले, तर कवच वाचे, पण अवशिष्ट क्षार ओल शोषून नळी गंजवी. १९२० नंतरच्या दशकात न गंजविणाऱ्या टोप्या बाजारात आल्या, तेव्हा हा पेच बव्हंशी सुटला.

दुसऱ्या महायुद्धानंतर या छंदाला खरी भरती आली. कॅन्ससमधील ब्रूस हॉजडन यांनी सरकारी शिल्लक दारू विकत घेऊन स्वस्तात विकली. नेब्रास्कात जॉइस हॉर्नडी यांनी १९४९ मध्ये गोळ्यांचा कारखाना काढला. घरगुती दाबयंत्रेही मिळू लागली.

खर्चाचा हिशेब मांडताना पुष्कळदा यंत्र, वजनकाटा व वेळ वगळला जातो. साध्या दाबयंत्रावर ताशी पन्नास ते शंभर काडतुसे भरून होतात. त्या तासाला मजुरी लावली, तर सर्रास मिळणाऱ्या स्वस्त पिस्तूल-काडतुसांत बचत जवळजवळ उरत नाही. ज्यांची टोपी कवचाच्या काठातच असते अशा बावीस बोअरच्या काडतुसांचे पुनर्भरण तर व्यवहार्यच नाही. उलट मोठ्या व दुर्मिळ मापाच्या काडतुसांत बचत ठसठशीत असते. कारखान्यांनी बनविणे सोडून दिलेल्या मापांत तर दुसरा मार्गच नसतो. लांब पल्ल्याचे नेमबाज पैशासाठी नव्हे, तर आपल्या बंदुकीला जुळणाऱ्या एकसारख्या मापासाठी भरतात. छंदिष्टांचा वाचलेला पैसा बहुधा अधिक गोळीबारातच खर्ची पडतो.

पुनर्भरणाने येणारे स्वावलंबनही अपुरे असते. शिशाची गोळी घरी ओतता येते. टोपी व धूमरहित दारू मात्र कारखान्यातूनच आणावी लागते. २०२०–२१ मध्ये अमेरिकेत काडतुसांची टंचाई झाली, तेव्हा तयार काडतुसांबरोबर टोप्याही दुकानांतून नाहीशा झाल्या आणि त्यांचे दर काही पटींनी चढले. ज्यांनी आधीच साठा करून ठेवला होता, त्यांचीच यंत्रे त्या काळात चालू राहिली.