दट्ट्याचें कवच

गोरेगांवच्या भातशेतीला पाणी देणारें तेलाचें इंजिन धडधडतें, तेव्हां त्याच्या पोटांतील दट्ट्या ज्वालांचा मारा सोशीत असतो. तो झिजला कीं पाणी थांबलेंच.

पूर्वीं दट्टे ओतीव लोखंडाचे असत. १९१३ सालीं इंग्रज यंत्रज्ञ बेंटले यांनीं अ‍ॅल्युमिनियममध्यें १२ टक्के तांबें मिसळून हलके दट्टे घडवून घेतले. मोटारीचा वेग वाढला. पण मऊ धातूच्या खोबणी कड्यांच्या घर्षणानें झिजत. उपाय त्याच धातूच्या गंजांत होता. १९२३ सालीं बेंगॉफ व स्टुअर्ट यांनीं समुद्री विमानांच्या पत्र्यांसाठीं क्रोमिक आम्लांत वीज सोडून तो गंज जाड केला. पुढें थंड गंधकाम्लांत अधिक कठीण थर साधला. तो पुष्कळ दट्ट्यांच्या माथ्यावर व वरच्या खोबणींत चढूं लागला. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांस वितळतें. हा थर २००० अंशांसही वितळत नाहीं. लोखंडाला गंज खातो, अ‍ॅल्युमिनियमला तोच तारतो.