‘टु लेट’च्या पाटीपासून सॅम्पल फ्लॅटपर्यंत

मुंबईत घर बघायला जाणं हा एके काळी रविवारचा साधा कार्यक्रम होता, हे आजच्या मुलांना खरं वाटणार नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी दादर, माटुंगा, शिवाजी पार्क भागात नव्या इमारती उठत होत्या आणि त्यांच्यावर ‘टु लेट’च्या पाट्या लटकत. आमच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलं आहे, की बिऱ्हाडकरू सहकुटुंब जायचा, नळ सोडून बघायचा, मोरी बघायचा, शेजारी कोण ते विचारायचा आणि नाही पटलं तर पुढच्या इमारतीकडे वळायचा. गरज मालकाला होती.

घर बघून नाकारण्याचा सर्वांत मोठा प्रसंग मात्र आपल्या वरळीतच घडला. १९२० साली सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं आणि गिरणी कामगारांसाठी वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे काँक्रीटच्या चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, खोली साधारण १६० चौरस फुटांची. एकट्या वरळीत १२१ चाळी. बांधून झाल्या, पण कामगार येईनात! गिरणी लांब, बाजार जवळ नाही, रस्त्यावर दिवे नाहीत, त्यात भाडं खिशाला जड. अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या त्या माणसांनी घर चार भिंतींवरून जोखलं नाही, भोवतालावरून जोखलं. कित्येक चाळी वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या. १९३०च्या सविनय कायदेभंगात सत्याग्रहींना ठेवायला सरकारने वरळीच्या चाळींचाच तात्पुरता तुरुंग केला. पुढे त्याच खोल्यांत तीन-तीन पिढ्या नांदल्या, आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी तिथल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या.

युद्धाने आणि फाळणीने मुंबई भरली, पाट्या उतरल्या. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने घरभाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठली. भाडेकरूला ते संरक्षण हवंच होतं. पण भाड्याने द्यायला नवं कोणी बांधेना आणि जुनी खोली पागडीशिवाय मिळेना. पागडी कायद्याने गुन्हा, म्हणून घर बघणंही चोरून. ‘गावचे पाहुणे आलेत’ म्हणत चहाच्या निमित्ताने दहा मिनिटं बसायचं, तेवढ्यात छत, मोरी, गॅलरी नजरेखालून घालायची. नळ कोण सोडून बघणार? नवा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला तेव्हा कुठे पागडीला कायद्यात जागा मिळाली.

मधल्या काळात ‘ओनरशिपचा ब्लॉक’ हा शब्द आला आणि बघण्याची जातच बदलली. आता जे उभंच नाही ते बघायचं. बांबूंची परात, खाली चिखल, हातात निळा नकाशा. फसवणूक इतकी वाढली की १९६३ साली महाराष्ट्राला मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा (मोफा) करावा लागला. त्यात एक कलम फार मोलाचं आहे : मागणी केल्यावर सात दिवसांच्या सूचनेने बिल्डरने नकाशे आणि बांधकामाचा तपशील दाखवलाच पाहिजे. मी बँकेत कर्ज विभागात असताना कितीतरी अर्जदारांना विचारलं, नकाशा मागितलात का? बहुतेक जण रंगीत माहितीपत्रक पुढे करायचे. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट आम्ही वकिलाकडून मागवायचो तो बँकेचा पैसा वाचावा म्हणून. घेणाऱ्याचा वाचला तर तो त्याचा बोनस.

मग आला सॅम्पल फ्लॅट. थंडगार एसी, भर दुपारी सगळे दिवे चालू, हातात सरबत. बारकाईने बघा, खोल्यांना दारं लावलेली नसतात, म्हणजे जागा मोठी वाटते. पलंग साडेपाच फुटांचा असतो, सहाचा नव्हे. कपाट इतकं उथळ की हँगर आडवा राहायचा नाही. मी तर सगळ्यांना सांगतो, मेजपट्टी खिशात घालून जा, हसले तर हसू द्या. १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झालेल्या रेरा कायद्याच्या कलम १२ मध्ये ‘नमुना सदनिका’ स्पष्ट लिहिली आहे. तिच्यावर किंवा जाहिरातीवर विसंबून पैसे भरले आणि त्यातली माहिती खोटी निघून नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. व्यवहारातून बाहेर पडून व्याजासह पैसेही परत मागता येतात. म्हणून सॅम्पल फ्लॅटचे फोटो काढून ठेवावेत. काढू दिले नाहीत, तर तेही लक्षात ठेवावं. करारात कार्पेट एरिया किती लिहिलाय ते बघावं, ‘सुपर बिल्ट-अप’ ऐकून घ्यावं आणि सोडून द्यावं.

अमेरिकेत स्थायिक झालेली आपली मुलं सांगतात, तिकडे ‘ओपन हाउस’ असतं. रविवारी घर उघडं ठेवतात, कोणीही यावं, फिरावं. छान आहे, पण रविवारी दुपारचं घर हे रविवारी दुपारचंच घर. आपल्याकडे दलाल जून-जुलैत गिऱ्हाईक आणतो. तेव्हा मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या, मासळी सुकत घातलेली नाही; सी लिंक दिसतो, वारा छान लागतो. घर घेतलं जातं. मग पाऊस सरला की वासाची तक्रार, नारळी पौर्णिमेच्या बँडची तक्रार. कोळीवाडा इथे किल्ल्याच्याही आधीपासून आहे. मासळीचा वास आणि बँड या पत्त्याबरोबरच येतात, ते आधी बघायला नकोत?

आता कोळीवाड्यातही पुनर्विकासाची बोलणी होतात, उद्या इथेही सॅम्पल फ्लॅट मांडले जातील. संमतीपत्रावर सही करणाऱ्या आमच्या कोळी बांधवांनी त्या खोलीत एवढं तरी विचारावं, की जाळी कुठे ठेवायची, मासळी कुठे सुकवायची आणि होडीपर्यंत जायची वाट कुठून. नकाशात ती दाखवता आली तरच पुढचं बोलणं.

आणि आपल्या सोसायटीत विक्रीचं घर बघायला येणाऱ्यांसाठी कार्यकारी मंडळाला माझी एक सूचना आहे. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट उपविधींप्रमाणे दर पाच वर्षांनी करायचं असतं. तो अहवाल, लेखापरीक्षकाचा अहवाल आणि पाण्याच्या वेळा अशी एक फाईल ऑफिसात ठेवा आणि येणाऱ्याच्या हातात द्या. गच्चीची किल्लीही द्या. खाऱ्या वाऱ्याने सळया कुठे उघड्या पडल्यात ते त्याने वर जाऊन बघावं, आणि जमल्यास पुन्हा एकदा ऑक्टोबरात, सकाळी होड्या येतात त्या वेळी यावं.