आठ दिवसांचा बाजार

वार सात आणि आठवडा मात्र आठाचा, ही गंमत आपल्या सहसा ध्यानात येत नाही. बाजाराच्या दिवशी तिचा उलगडा होतो. या बुधवारी बाजार केला की पुढच्या बुधवारी पुन्हा पिशवी घेऊन निघायचे. हे दोन्ही बुधवार धरून मोजा, आठ दिवस बरोबर भरतात. खेड्यातली माणसे अजूनही ‘आठ दिवसांचा बाजार आणला’ असेच म्हणतात. त्या पिशवीत काय असते? मीठ, मिरची, गोडेतेल, गूळ, चहापत्ती, शेर दोन शेर डाळ, कांदेबटाटे, आणि पोरांसाठी पुडीत बांधलेली गोडीशेव. राजांच्या लढाया शाळेच्या पुस्तकात आहेत. या पिशवीची हकीकत तेथे नाही, म्हणून आज ती सांगावयाची आहे.

जुने खेडे स्वयंपूर्ण होते असे आपण पाठ केलेले असते. ते बरेचसे खरेही आहे. धान्य पेवात नाहीतर कणगीत असे, दूधदुभते दावणीला असे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांना खळ्यावर बलुते घातले की वर्षाचे त्यांचे काम होऊन जाई. पण मीठ कोठून आणणार? देशावरच्या एकाही शेतात मीठ पिकत नाही. ते कोकणच्या मिठागरांतून यावे लागे आणि येत होते ते बैलांच्या पाठीवर. वंजारी आणि लमाण यांचे तांडे गोण्या लादून घाट चढत, आणि परत जाताना धान्य खाली उतरवीत. जुन्नरजवळचा नाणेघाट ज्यांनी पाहिला असेल त्यांना तेथला दगडी रांजण आठवेल. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे लोक सांगतात. तेथल्याच लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. म्हणजे कल्याण बंदराचा माल या वाटेने जुन्नरकडे जाऊ लागल्याला दोन हजार वर्षे होऊन गेली. भाकरी घरची, पण तिच्यातले मीठ परगावचे, अशी आपल्या स्वयंपूर्ण खेड्याची गोष्ट आहे.

मिरचीची तऱ्हा तर आणखी वेगळी. तिच्यावाचून आपले एक कालवण होत नाही, आणि ती मुळात आपली नव्हेच! सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ती अमेरिकेतून आणली. त्यापूर्वी तिखटपणासाठी मिरी होती, आणि मिरीवरूनच नव्या पाहुणीचे नाव पडले. बटाट्याचे तर नावही पोर्तुगीजच राहिले.

हा बाहेरचा माल गावोगाव पोचवायचा कसा? एकेका खेड्यात दुकान चालेल एवढे गिऱ्हाईक नव्हते. म्हणून चारपाच कोसांच्या आतल्या गावांनी वार वाटून घेतले. व्यापारी आज या गावी, उद्या त्या गावी, असा फिरता राही. खेडूत आपल्या सोयीचा एक वार धरून जाई. ही पद्धत कोणा एका राजाने घालून दिली असे नाही, परंतु राज्यकर्त्यांनी तिला आधार दिला. नवी पेठ वसवायची झाली म्हणजे सरकारातून कौल मिळे, काही वर्षे करांची माफी असे, आणि पेठेची व्यवस्था शेटे व महाजन या वतनदारांकडे राही. बाजारात बसणाऱ्याकडून मूठमूठ माल हक्काने घेत, तिला ‘फसकी’ म्हणत. आजही बाजारात पावती फाडणारा माणूस दिसला की मला ती फसकी आठवते. मूठ जाऊन पावती आली एवढेच. पुण्याच्या पेठांना तर सातही वारांची नावे आहेत. त्यांतल्या बुधवार पेठेचे आधीचे नाव मोहियाबाद. १७०३ साली औरंगजेबाची छावणी पुण्यास असताना त्याचा एक नातू वारला, त्याच्या नावावरून ते पडले होते. बादशहाचे नाव लोक विसरले, वार तेवढा राहिला.

आता एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. आठ दिवसांचा बाजार हा काही सगळ्यांचा नव्हता. ज्याच्या गाठीला पैसा, तो वर्षाची बेगमी करी. उन्हाळ्यात मिरची, हळद, डाळी, चिंच, मीठ भरून ठेवायचे, पापड-कुरडया वाळवायच्या, आणि मग पाऊस कितीही कोसळो. गोव्यात पावसाळ्यापूर्वीच्या या खरेदीला पुरुमेंत म्हणतात आणि तिच्यासाठी जत्रेसारखा बाजार भरतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराची ख्याती तर आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. सुगीत माल स्वस्त असतो तेव्हा तो घ्यायला हाती रोकड लागते. ती नाही तो आठवड्याचे घेतो. तेवढीही ऐपत नाही तो रोज संध्याकाळी पैशाचे तेल वाटीत आणतो. आणि हिशेब करून पाहा, सर्वांत महाग पडते ते या वाटीतले तेल!

बाजाराला जाणारी बाईदेखील रिकाम्या हाताने जात नसे. आधी विकायचे, मग घ्यायचे. टोपलीत अंडी, लोण्याचा गोळा, भाजीच्या जुड्या, नाहीतर पायलीभर ज्वारी. ज्वारी दुकानदाराच्या मापात ओतली की त्याबदली मीठ-मिरची पदरात पडे. ओतताना माप शिगोशीग आणि देताना सपाट, हे तिला दिसत असे; पण बोलायची सोय नसे, कारण मागची उधारी त्याच्याच वहीत असे.

या वहीने एकदा केवढा भडका उडविला तो पाहा. भीमथडी तालुक्यातील सुपे हे बाजाराचे गाव. तेथे बरेच सावकार राहत, आणि सावकार तोच वाणी. त्याच्याकडूनच बी-बियाणे, सारा भरायला पैसा, आणि त्याच्याच दुकानातून घरातले तेल-मीठ. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात आपल्या कापसाला भाव आला, तेव्हा कर्ज मागाल तितके मिळे. युद्ध संपले, भाव कोसळला, सरकारने मात्र साऱ्याची आकारणी वाढविली, आणि सावकारांनी हात आखडता घेतला. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे गावच्या लोकांनी सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, न्हाव्याने हजामत करायची नाही, पाणक्याने पाणी भरायचे नाही. माझ्या मते हे पाऊल पुढच्या दंग्याहून मोठे होते. ज्याच्या वहीत आपले घर अडकले आहे त्याच्या दुकानाकडे पाठ फिरवायची म्हणजे उद्याच्या मिठावर पाणी सोडायचे!

पुढे १२ मे १८७५ रोजी सुप्यात आसपासच्या गावचे लोक जमले. दिवस बुधवारचा. त्यांनी दुकानांवर चाल केली, धान्य लुटले, पण मुख्य मागणी होती ती वह्या आणि कर्जरोखे यांची. कागद हाती आले की भर रस्त्यात त्यांची होळी. हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावी पोचले. पुष्कळ ठिकाणी सावकाराने कागद निमूटपणे दिले तर त्याच्या अंगाला फारसा धक्का लागला नाही. चौकशीला आयोग बसला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्याने उधारी थांबली असे नाही. वही जळाली तरी पुढच्या आठवड्याचे मीठ पाहिजेच, आणि रोकड पुन्हा कोठून येणार?

दुसरी हकीकत महाडची. तेथल्या चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण जाणतो. पण आसपासच्या खेड्यांतले अस्पृश्य मानलेले लोक महाडला कशासाठी येत? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतःच ते नोंदविले आहे: एक तर गावकामगार म्हणून सरकारी कामाला, आणि दुसरे बाजारहाटासाठी. कित्येक कोस पायी यायचे, उन्हात माल घ्यायचा, त्याचा रोख पैसा मोजायचा, आणि तहान लागली तर भरल्या तळ्याकडे नुसते पाहायचे. मुंबई कायदे मंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव केला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केले. पण पाणी प्यायची हिंमत कोणाची होत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी ते प्याले गेले. त्यानंतर कोर्टकज्जा चालला तो १९३७ पर्यंत, आणि निकाल हायकोर्टातून लागला. बाजारात पैसा चालत होता, पैसेवाल्याची ओंजळ चालत नव्हती. शिक्षकबंधूंनी महाडचा धडा शिकविताना या बाजाराच्या पिशवीचा उल्लेख जरूर करावा. मुलांना तळे लवकर समजेल.

मापांविषयी थोडे. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. हे कोष्टक घोकताना आपल्या आजोबांनी छड्या खाल्ल्या आहेत. शिवाय एका गावची पायली दुसऱ्या गावी जुळेलच असे नाही, आणि यात फायदा कोणाचा होई ते सांगायला नको. १ एप्रिल १९५७ पासून आणे जाऊन नवे पैसे आले. १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलोची वजने सुरू झाली आणि १९६२ पर्यंत ती सक्तीची झाली. शेर म्हणजे ८० तोळे, सुमारे ९३३ ग्रॅम. तेव्हा पावशेर भरतो २३३ ग्रॅम. आज दुकानदार २५० ग्रॅम तोलतो, आणि म्हातारी त्याला पावशेरच म्हणते. या एका बाबतीत तरी शब्द जुना राहून माल वाढला!

मधल्या काळात सरकारनेही पिशवीत हात घातला. मुंबईत १९४३ च्या मे महिन्यात रेशन सुरू झाले आणि माणशी माप ठरले. १९७२ च्या दुष्काळात खेड्यातल्या बाजारात धान्यच येईना, तेव्हा रेशनवर परदेशचा तांबडा मिलो आला आणि दुष्काळी कामावर सुकडी वाटली गेली. त्या मिलोच्या भाकरीची चव अजून काढणारी माणसे आहेत. चांगली म्हणून नव्हे. अलीकडे २०१३ च्या कायद्याने पात्र कुटुंबांना धान्य मिळण्याचा हक्क आला. तरीही मीठ, मिरची, तेल बाजारातूनच आणावे लागते.

२०२० च्या टाळेबंदीत तो बाजारही बंद पडला. भाजी रानात सडली, आणि मजुरांच्या घरी आठव्या दिवशी तेलाची बाटली रिकामी झाली. शेतमजुराचा पगार कित्येक गावी बाजाराच्या दिवशीच होतो. बाजार नाही म्हणून पगार नाही, असाही घोळ काही ठिकाणी झाला. माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने त्या दिवसांची घरची वही मला दाखविली. आईने पेन्सिलीने लिहिलेली. पहिल्या पानावर बारा जिनसा, दुसऱ्यावर सात, तिसऱ्यावर चार. चौथ्या पानावर फक्त दोन शब्द होते: मीठ, काडेपेटी. त्यापुढे दुकानदाराच्या अक्षरात लिहिले होते, ‘बाकी मागील’.