कंकराचे कूळ

हैदराबादचा सुलतान बाजार १९३३ पर्यंत रेसिडेन्सी बाजार म्हणून ओळखला जाई. इंग्रजांच्या अमलाखालचा हा तुकडा त्या साली निजामाकडे परत आला आणि त्याचे नाव पालटले. ज्या रेसिडेन्सीच्या कोठीभोवती हा बाजार वाढला ती अजून उभी आहे. इंग्रज रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिकने १८०३ च्या सुमारास ती बांधायला घेतली, मद्रास इंजिनिअर्सच्या सॅम्युअल रसेलने तिचा आराखडा केला आणि पैसा निजामाचा लागला. १९४९ पासून तिथे मुलींचे कॉलेज होते, आता महिला विद्यापीठ आहे. पाहुणे तिच्या उंच खांबांपाशी फोटो काढतात. मला खांबांपेक्षा हैदराबादच्या चुन्यातच जास्त रस आहे. हे शहर ग्रॅनाइटवर वसलेले. १५९१ चा चारमिनारसुद्धा ग्रॅनाइट आणि चुन्याचाच. ग्रॅनाइट पायाखाली होता, पण चुना बाहेरून आणावा लागे.

दख्खनेत तो दोन वाटांनी येई. तांडूर-शहाबादकडे चुनखडकाचे थर आहेत. जिथे तसे थर जवळ नसत तिथे लोक शेतातले आणि ओढ्याकाठचे कंकर वेचत. राखी-पांढरे, आल्याच्या गड्ड्यासारखे वेडेवाकडे हे गोटे भट्टीत भाजले की चुनकळी निघते. ती पाण्यात विरवायची, वाळू घालून बैलाच्या घाण्यात मळायची, वर गूळ-हिरड्याचे पाणी. गवंड्याच्या लेखी कंकराचे कूळ एवढेच होते: भट्टीचा माल. उत्तर हिंदुस्थानात तर तो रस्त्यावर ठेचून पसरण्याचा माल होता.

तो जमिनीत येतो कुठून, हा प्रश्न नोंदवहीत आला तो मोजणीदारांमुळे. लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात १८१८ साली हेन्री वॉयसी हा शल्यवैद्य आणि भूशास्त्रज्ञ अशा दुहेरी नात्याने दाखल झाला. (लॅम्बटन १८२३ साली हैदराबादहून नागपूरला जाताना हिंगणघाटला वारला, वॉयसी पुढच्याच वर्षी.) हैदराबादच्या भूगर्भावरचा वॉयसीचा अहवाल त्याच्या मरणानंतर छापला गेला. त्यानंतर न्यूबोल्ड या लष्करी अधिकाऱ्याने १८४० च्या दशकात दक्षिण हिंदुस्थानच्या भूगर्भावर लिहिताना काळी माती आणि कंकर या दोघांना भरपूर जागा दिली. कंकराचा चुना जमिनीखालून झऱ्यांच्या पाण्याबरोबर वर आला असावा, असा त्याचा कल होता. दिशा त्याने उलटी धरली होती, हे पुढे कळले.

बहुतेक ठिकाणी चुना वरून खाली जातो. पावसाचे पाणी मुळांजवळचा कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते, वाटेत कॅल्शियम विरघळवते आणि त्याला बायकार्बोनेटच्या रूपात खाली नेते. भरपूर पावसाच्या मुलखात हे पाणी पार निथळून नदीला मिळते. कमी पावसाच्या मुलखात ते वाटेतच संपते. मुळे त्याला शोषतात, वायू उडून जातो, आणि कॅल्शियम कार्बोनेट तिथेच मागे राहते. म्हणून पाऊस जितका कमी तितका चुन्याचा थर वर. हान्स येनी आणि लिओनार्ड यांनी १९३४ मध्ये अमेरिकेच्या मैदानी मुलखात हे नाते आकड्यांत मांडले. आपल्याकडच्या काळ्या जमिनींत फिरणाऱ्यालाही ते दिसते: अहमदनगर-सोलापूरच्या कोरड्या पट्ट्यात चुना नांगराच्या तासापासूनच लागतो, तर विदर्भात पाऊस वाढत जातो तसा तो खोल जातो.

वर्गीकरणात मात्र कंकराला बराच काळ स्वतःचे घर नव्हते. व्होल्करने १८९३ मध्ये हिंदी शेतीवर अहवाल लिहिला. पाठोपाठ लेदर या रसायनतज्ज्ञाने १८९८ मध्ये मातीचे चार मोठे गट पाडले: गाळाची, काळी, लाल आणि जांभ्याची. कंकर या गटांच्या आतला एक तपशील राहिला. अमेरिकेत कर्टिस मार्बटने १९२० च्या दशकात अख्ख्या जगाच्या मातीचे दोन तुकडे केले. लोह-ॲल्युमिनियम साठणाऱ्या त्या पेडाल्फर, आणि चुना साठणाऱ्या त्या पेडोकॅल. ही मांडणी फार ढोबळ होती आणि टिकली नाही. तरी मला तिच्याबद्दल आदर आहे, कारण चुना हा मातीचा डाग नसून तिच्या हवामानाची साक्ष आहे, ही गोष्ट तिने सर्वांत वरच्या पायरीवर आणून ठेवली.

पुढचे काम न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात झाले. लास क्रूसेसजवळ खड्डे खणत गाइल, पीटरसन आणि ग्रॉसमन यांनी १९६६ मध्ये चुना साठण्याच्या चार अवस्था मांडल्या. आधी धागे आणि खड्यांवरची पातळ पुटे, मग सुटे गोटे, मग गोटे एकमेकांत मिसळून भोके बुजलेला थर, आणि शेवटी त्या थरावर पापुद्र्यांचे टणक झाकण. तिथल्या मातीतला बहुतेक कॅल्शियम खालच्या खडकातला नाही, वाऱ्याने आणलेल्या धुळीतला आणि पावसातला आहे, हे नंतर स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांवरून पक्के झाले. आपला कंकर या शिडीवर दुसऱ्या पायरीवर बसतो.

अवस्था ठरल्यावर आकडे ठरले. १९७५ च्या अमेरिकी ‘सॉइल टॅक्सॉनॉमी’त चुनखडीच्या थराला अटी लागल्या: जाडी किमान १५ सेंटिमीटर, कॅल्शियम कार्बोनेट किमान १५ टक्के, शिवाय हा चुना तिथेच नव्याने साठल्याची खूण. दगडासारखा सांधलेला थर वेगळा मोजायचा. १९९४ मध्ये वाळवंटी मातींच्या वर्गात ‘कॅल्सिड’ हा उपवर्गच निघाला. तिकडे अन्न व कृषी संघटनेच्या १९७४ च्या जागतिक नकाशात वाळवंटी माती झेरोसोल आणि यर्मोसोल या नावांत वाटल्या होत्या, म्हणजे कोरडेपणा किती यावरून. १९८८ च्या सुधारणेत ही दोन्ही नावे गेली आणि ‘कॅल्सिसोल’ आले. हवामान मोजण्यापेक्षा खड्ड्यात दिसते त्यावर नाव ठेवा, हा त्यामागचा विचार मला पटतो. पश्चिम राजस्थानात, १९५९ पासून जोधपूरची काझरी संस्था जिथे काम करते तिथे, वाळूखालचा कंकराचा थर या घरात बरोबर बसतो.

दख्खनचे घोडे मात्र इथेच अडते. हैदराबादजवळ पटनचेरूला इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेच्या १९७२ पासूनच्या शेतावर दोन माती शेजारी नांदतात: लाल पटनचेरू मालिका आणि काळी कासिरेड्डीपल्ली मालिका. काळीत चुन्याचे खडे आहेत. पण मातीला नाव देताना प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारतात, आणि ‘ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते का’ हा प्रश्न चुन्याच्या प्रश्नाआधी येतो. काळ्या मातीने त्याला हो म्हटले की ती व्हर्टिसोल झाली. मग चुना कितीही असो, तिच्या नावात तो फार तर खालच्या पायरीवर, कॅल्सिअस्टर्टसारख्या जोडनावात, येणार. बेसाल्टमधल्या फेल्डस्पारला कॅल्शियमची ददात नाही. त्यामुळे वाळवंट नसलेल्या मराठवाड्यातही वाळवंटाची रसायनक्रिया बिनबोभाट चालू आहे, आणि नकाशावर ती दिसत नाही.

हे सर्वांत ठामपणे सांगितले ते नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोजन नियोजन संस्थेतल्या डी. के. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली कंकराच्या दोन भावकी वेगळ्या केल्या. एक जुनी, वाहून आलेली, गडद पुट चढलेली, तर दुसरी त्याच जागी नव्याने तयार झालेली. दुसरीच त्यांच्या लेखी चिंतेची. कॅल्शियम असा गोट्यात अडकला की मातीच्या कणांवर सोडियमचे पारडे जड होते, चिकणमाती फुटून छिद्रे बुजतात आणि पाणी मुरत नाही. वरून काळीभोर, आतून चोपण होत चाललेली जमीन ती हीच. कासिरेड्डीपल्लीच्या मातीतही पालांच्या गटाला खाली हा सोडियम सापडला. हवामान कोरडे होत गेल्यामुळे दख्खनच्या मातीची ही झीज आपोआप चालते, असे त्यांचे म्हणणे. माझ्या मते मार्बट ज्या गोष्टीपाशी थांबला तिच्यापुढचे पाऊल हे आहे: चुना साक्षीदार तर आहेच, आरोपीही आहे.

सुलतान बाजारच्या आसपास पिढ्या काढलेल्या मराठी घरांपैकी कित्येकांचे मूळ गाव मराठवाड्यात, निजामाच्याच राज्यात. परभणीला १९१८ साली त्या राज्याने प्रायोगिक शेत सुरू केले, १९७२ मध्ये तिथे कृषी विद्यापीठ झाले. तिकडच्या शेतकऱ्याला वर्गनामे नकोत, त्याला लक्षणे ठाऊक आहेत. उसाची कोवळी पाने पांढुरकी पिवळी पडली की ‘केवडा पडला’ म्हणतात. भुईमूग आणि सोयाबीनचेही तेच, आणि मोसंबीच्या बागेत शिरा हिरव्या राहून पान पिवळे होते. जमिनीत लोह असते, पण चुन्यामुळे सामू आठाच्या वर राहतो आणि ते मुळांना उचलता येत नाही. म्हणून हिराकस (लोहाचे सल्फेट) नुसते जमिनीत फेकण्यापेक्षा शेणखतात मुरवून द्यायचे किंवा पानांवर फवारायचे. बाग लावण्याआधी चुना किती हे पाहणे त्याहून स्वस्त: ढेकळावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले की फेस सांगतो.

केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिका १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झाली ती राजस्थानात, सुरतगडला, थरच्या कडेला. तिच्यात बारा रकाने आहेत: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन. चुना नाही. मोसंबी किंवा द्राक्ष लावणाऱ्याने प्रयोगशाळेत ‘मुक्त चुना’ वेगळा मागून घ्यावा, आणि नमुना वरच्या वितीतला नको, कलमाची मुळे जिथवर जाणार तिथवरचा द्यावा.